पाठीवरचं नाव

२००३ च्या उन्हाळ्यात मी आमच्या ट्रॉय गावाहून शहरात पहिल्यांदाच बेसबॉलची मॅच बघायला गेलो. आमची टीम सारखी हरत होती, त्यामुळे चांगली सीट सहज मिळाली. पुढच्या रांगेत एक गोरे आजोबा एकटेच बसले होते. त्यांच्या जर्सीवर, पाठीवर चिकटपट्ट्यांचे चार थर होते. सगळ्यात वरच्या पट्टीवर मार्करनं एक नाव लिहिलेलं होतं.

"हा कुठला प्लेअर?" मी विचारलं.

"मी ज्याचं नाव घालतो, त्याला टीमचा मालक विकून टाकतो," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून यंदा स्वतःचंच लिहिलं. मला कोण विकत घेतंय?"

तेवढ्यात आमच्या खेळाडूच्या हातून अगदी सोपा कॅच सुटला. आजोबा उभे राहिले, टोपी काढली आणि मागे वळून आम्हा सगळ्यांना "सॉरी" म्हणाले.