जांघेतली गाठ

तू कोण आहेस, मला माहीत नाही. माहीत असतं तर हे लिहिलंच नसतं. देवासमोरसुद्धा मी हे पुरतं म्हटलेलं नाही — मध्येच काहीतरी काम काढून उठते.

माझी मोठी जाऊ, जिजी. सुरतेत, लिंबायतला, एकाच खोलीत आमचे दोन संसार, मध्ये साडीचा पडदा. ती खणखणीत बोलणारी, मी गप्प. 'मनी मुकी मैना', माझी मुकी मैना, म्हणायची मला — हसून, पण चारचौघींत. लागायचं मला. म्हणून केलं का मी तसं? नाही. तसं असतं तर निदान राग होता, असं तरी म्हणता आलं असतं.

प्लेगला सुरत सोडून पळालो होतो ना सगळे, त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या टाचेवर काळा डाग दिसला. कुरूप समजून ती तो ब्लेडनं कोरायची. डाग पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलो. दोघे भाऊ, आमचे नवरे, लूमवर कामाला, म्हणून सोबत मी. आधी तुकडा काढून तपासला. मग डाग काढला, भोवतीची थोडी चांगली कातडीही काढली.

टाके काढायच्या दिवशी जिजी बाहेर पट्टी बांधून घेत होती. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मला गुजराती कळतं. मेलानोमा — नाव त्यांनी दोनदा म्हणून दाखवलं. कातडीचा कॅन्सर. ते म्हणाले, घाबरू नको बेन, लवकर सापडलाय, वरवरच होता, सगळा निघालाय. अशी माणसं बहुतेक बरी राहतात. पण पुढचं ऐक. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणायचं. अंगावर नवा डाग येतो का बघायचं. आणि अधूनमधून जांघेत चाचपायचं — गाठ लागली तर लगेच या, थांबू नका, तीही काढता येते.

समजलं का? समजलं, म्हटलं मी. समजलंच होतं. चौथी शिकलेली म्हणून कळलं नाही, असं मला म्हणता येत नाही.

घरी जेठ, म्हणजे माझे थोरले दीर, दारातच उभे. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "काय सांगं डॉक्टरनी?" शेजारणीही जमलेल्या. जांघ हा शब्द — त्यांच्यासमोर? भिंतीकडे बघत म्हटलं, "बरं व्हयनं म्हने. आते जावानं काम नही."

दुसऱ्या दिवशी नळावर आम्ही दोघीच होतो. तेव्हा काय झालं होतं सांगायला? पण तोवर ती गल्लीभर शिरा वाटून आली होती. खोटं का बोललीस, असं जेठ विचारतील, नवरा विचारेल — त्या खोलीत तोंड लपवायला जागा तरी कुठं होती? तीन महिने गेले. आणखी गेले. दर खेपेला सांगणं जास्तच जड.

इथवर लाज होती. यापुढचं — ती लाज नव्हती.

एका दुपारी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे धागे कापता कापता जिजीनं माझा हात धरून लुगड्यावरून जांघेवर ठेवला. "हाई काय शे वं? अवधान उनं व्हई." पाय दुखावला की जांघेत गाठ येते, तिला अवधान म्हणतात, शेकलं की बसते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. शब्दही तिनंच सोपा करून दिला होता.

"हा, अवधानच शे," मी म्हटलं.

तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं, मीच शेकलं. मग रोजच. तिला बरं वाटायचं. गल्लीत सांगायची, मुकी मैना फार करते माझं. आणि फडक्याखाली ती गाठ वाढत होती, माझ्या बोटांना कळत होतं.

शेवटी तिला चालवेना, तेव्हा जेठ तिला उचलून त्याच दवाखान्यात घेऊन गेले, मागून मीही. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कुठं होता? जेठ ओरडले — तुम्ही कधी सांगितलं होतं? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

जिजी गेली. जेठ अजून जेवताना त्या डॉक्टरला शिव्या देतात. मी भाकरी वाढते.