एकोणसाठ सेकंदांवरचे हापसे

बाईंच्या टेबलावर गेलेला कागद सहसा पुढे जायचा नाही, तो परत यायचा. म्हणून ऑफिसात त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना 'परतबाई' म्हणत. रजेचा अर्ज परत, टाइप केलेलं पत्र परत. एकदा साहेबांनी काढलेलं दिवाळीच्या शुभेच्छांचं परिपत्रकसुद्धा तिथी चुकलीय म्हणून परत आलं होतं. वीस वर्षं त्यांनी कालव्यांचे नकाशे ट्रेस केले होते. रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर कुणाचं तरी शेत सरकतं, असं त्या म्हणायच्या. मला त्याचा कंटाळा यायचा.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरचे चालू हापसे शोधायचे, उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्रावर त्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, ते संगणकात भरायचे आणि यादी वर पाठवायची, हे आमचं काम. ज्या वस्तीच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत चालू हापसा निघेल, तिला नवा मिळणार नव्हता. नोंदी भरायचा प्रोग्राम मी लिहिला होता. पुण्याहून नुकताच शिकून आलो होतो आणि बाईंना संगणकातलं काय कळतं, असं मनात पक्कं धरून बसलो होतो.

पहिल्याच आठवड्यात बाई शाळेतला ॲटलास घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात त्यांनी पेन्सिलीने एक टिंब दिलं होतं.

"सुहास, हा लोणी देवकरचा हापसा. इथं अस्वलं पाणी भरतात का?"

कुणीतरी अक्षांशाच्या जागी रेखांश भरला होता. मी चिडलो, पण त्याच दिवशी प्रोग्रामला कुंपण घातलं. अक्षांश सतरा-अठरा अंशांचाच, रेखांश चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरचाच. मिनिटं आणि सेकंद एकोणसाठच्या पुढे नाहीत. याबाहेरचा आकडा आला की संगणक 'टीं' करून अडायचा.

"आता चुकीचं काही आत जाणार नाही," मी बाईंना सांगितलं.

"अडलं की विलास काय करतो?"

"फॉर्म बघून पुन्हा भरतो."

"तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. विलास आमचा ऑपरेटर, सणसरहून रोज मोटरसायकलवर यायचा, मान खाली घालून काम करायचा. त्याच्याकडे काय बघायचं?

महिन्याभराने बाईंनी छापील यादी लाल पेन्सिलीने रंगवून माझ्यापुढे टाकली. म्हणाल्या, "सेकंदांच्या रकान्यात एकोणसाठ फार झालेत." मी म्हटलं, योगायोग असेल. "हापसा घेताना कुणी सेकंद बघून बोअर पाडतं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी वैतागून यादी साहेबांकडे नेली. साहेबांना मुदत गाठायची होती. यादी तपासून सही करायचं काम बाईंचं होतं, पण त्यांनी सही केली नाही. यादी त्यांच्या सहीशिवाय गेली.

पुढे तीनेक आठवड्यांनी सणसरच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एक आबा आले. पूर्वी मेंढरं राखणारं घर, आता थोडा ऊस. नव्या हापशासाठी केलेला त्यांचा अर्ज नामंजूर झाला होता. ते पत्र त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"आमच्या वस्तीवर हापसा हाय म्हणत्यात. तुमच्या यादीत हाय म्हणं. कुठं हाय तेवढं दावा बाई, आमी जाऊन पानी भरतो."

बाईंनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन विलासच्या मागे स्टूल ओढून बसल्या. मीही मागे उभा राहिलो. पुढच्या यादीचे फॉर्म भरणं चालू होतं. एका फॉर्मवर लिहिलं होतं अठरा अंश, सात पूर्णांक पंच्याहत्तर मिनिटं. विलासने अठरा भरलं, सात भरलं, सेकंदांत पंच्याहत्तर भरलं. टीं. त्याने पंच्याहत्तर पुसून एकोणसाठ केलं आणि पुढचा फॉर्म घेतला.

"विलास, हे काय केलंस?"

"बाई, पंच्याहत्तर घेतंच न्हाय. एकोणसाठापत्तुर घेतंय. काम तर पुरं झालं पायजे."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. यंत्र मिनिटांचे शंभरावे भाग दाखवत होतं आणि माझा रकाना सेकंद मागत होता. पंच्याहत्तर शतांश म्हणजे पंचेचाळीस सेकंद, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. शिवाय साठच्या आतले आकडे संगणक मुकाट्याने घेत होता, आणि तेही चूकच होते. एका सेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे तीस मीटर. बाईंनी फूटपट्टीने नकाशावर मोजून दाखवलं. कालव्यापलीकडचा एक हापसा आमच्या यादीने उचलून आबांच्या दारात आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या मोटरसायकलवर मागे बसून वस्तीवर आल्या. आबांची सून आम्हांला तिची रोजची वाट दाखवायला निघाली. शेताच्या बांधावरून कालव्यापर्यंत, तिथून पुलापर्यंत लांबचा वळसा आणि मग पलीकडे हापसा. बाई पावलं मोजत चालल्या होत्या, वहीत आकडे टिपत होत्या. परत येताना त्यांना दम लागला, तरी त्या थांबल्या नाहीत.

"चार हंड्यात आख्खी सकाळ जाती बघा," सून म्हणाली.

"चूक आमच्या ऑफिसची आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी पुढे होऊन बोलायला हवं होतं, पण मी मोटरसायकलचा आरसा पुसत राहिलो.

साहेब म्हणाले, यादी गेली, आता मागवली तर ऑफिसची अब्रू जाईल. बाईंनी वाद घातला नाही. कपाटातले सगळे फॉर्म काढले. नशिबाने यंत्रावरचे मूळ आकडे त्यांवर होते. मी प्रोग्राम बदलला. यंत्रावर दिसतं तसंच भरायचं, सेकंद संगणक काढेल, आणि आकडा शंकास्पद वाटला तर अडवायचं नाही, नुसती खूण करून ठेवायची. मग बाई वाचायच्या आणि विलास आणि मी आळीपाळीने भरायचो. मधेच त्या थांबवायच्या, "पुन्हा वाचते, ऐक." तेव्हा मला राग यायचा आणि तो त्यांचा नसून माझा स्वतःचाच आहे, हे कळून आणखी यायचा.

नवी यादी साहेबांनी खणात ठेवून दिली. बाई आठवडाभर थांबल्या. मग एक प्रत पिशवीत घालून एसटीने इंदापूरला गेल्या, तिथल्या तालुका कचेरीत दिली आणि पोचेचा शिक्का घेऊन आल्या. पुढच्या महिन्यात त्यांचा करार वाढवला गेला नाही. त्यांनी टेबल पुसलं, पेन्सिली विलासला दिल्या आणि मला म्हणाल्या, "फॉर्म जपून ठेव. कुणी टाकायला सांगितलं तरी टाकू नकोस." मी हो म्हटलं. साहेबांपुढे जाऊन बाईंच्या बाजूने दोन शब्द बोलणं मात्र मला जमलं नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीला काही मिळालं नाही. हापसा आला तो पुढच्या वर्षी. ते सांगायला मी बाईंच्या खोलीवर गेलो, तर कुलूप होतं. घरमालक म्हणाले, बहिणीकडे गेल्या, पत्ता नाही ठेवला.

रविवारी मी एकटाच वस्तीवर गेलो. हापसा आबांच्या घराच्या जवळच होता. सून पाणी भरत होती. तिने मला ओळखलं, हंडा खाली ठेवला आणि माझ्या मागे, रस्त्याकडे बघितलं.

"त्या बाई न्हाई आल्या?"

"नाही आल्या," मी म्हणालो.

"मग त्यास्नी तेवढं सांगा, हापसा आला म्हणून."

मी मान हलवली आणि मोटरसायकलला किक मारली.