वरच्या ओठावरची पट्टी

अमेरिकेत पिस्कॅटवेला आम्ही २००४ साली आलो. नवऱ्याची आयटीतली नोकरी आणि माझा डिपेंडंट व्हिसा, म्हणजे काम करायची परवानगी नाही. नागपुरात मी ब्युटी पार्लर चालवलं होतं. हे कळल्यावर कॉम्प्लेक्समधल्या बायका दुपारी आयब्रो करून घ्यायला येऊ लागल्या. मी पैसे घेत नसे. कुणी इडलीचं पीठ आणून द्यायचं, कुणी गाडीतून किराण्याला न्यायचं.

शेजारची मुंबईची मुलगी मला ताई म्हणायची. दिराच्या लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी ती आली. "ताई, अप्पर लिप वॅक्स कराल?"

मी पट्टी लावली आणि ओढली. ती किंचाळली. पट्टीला केसांबरोबर कातडीही आली होती. मी घाईघाईने बर्फ आणला. बर्फ धरता धरता ती म्हणाली, मुरुमांसाठी ती डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावत होती. त्याने कातडी नाजूक होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी तिचा नवरा दारात आला. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"नाही."

त्याने मान हलवली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी कुणी येईना. लॉन्ड्री रूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. तीन आठवड्यांनी पार्लरचं लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाचं पत्र आलं. माझ्याविरुद्ध तक्रार होती आणि लेखी खुलासा मागितला होता.

नवऱ्याने ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. "हो म्हटलंस तर व्हिसावर काम केलं असं होईल. नाही म्हटलंस तर खोटं."

"पण मी पैसे घेतले नाहीत."

वकिलाला फोन केला. तो म्हणाला, वस्तू घेतल्या असतील तर तेही काम धरलं जाऊ शकतं. त्यानंतर दारावर टकटक झाली की मी आधी टीव्ही बंद करायची. पार्किंगमध्ये अनोळखी गाडी उभी दिसली की पडद्याआडून तिचा नंबर लिहून ठेवायची. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

शेवटी घडलं तसं लिहून पाठवलं आणि शेजारी गेले. तिने दार अर्धंच उघडलं. ओठावर तपकिरी डाग होता, नखाएवढा.

"माझं चुकलं गं," मी म्हणाले.

"ताई, तक्रार आम्ही नाही केली."

"मग कुणी?"

तिने माझ्या खांद्यावरून समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांकडे पाहिलं. "ते मला नका विचारू," म्हणाली आणि दार लावलं. महिनाभरात ती दोघं सांता क्लाराला राहायला गेली. जाताना भेटली नाहीत.

बोर्डाकडून लेखी ताकीद आली. पुन्हा असं केल्यास दंड होईल, एवढंच. व्हिसाबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि त्यामुळेच भीती गेली नाही. पुढची चार वर्षं इमिग्रेशनचं प्रत्येक पाकीट नवराच उघडायचा. मी स्वयंपाकघरात थांबायची.

२००८ साली ग्रीन कार्डच्या अर्जावर वर्क परमिट आल्यावर मी कॉस्मेटॉलॉजीच्या, म्हणजे पार्लरचं काम शिकवणाऱ्या शाळेत नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी शिकवलं, वॅक्सच्या आधी गिऱ्हाइकाला कोणती औषधं, कोणती क्रीम चालू आहेत ते विचारा. सगळ्या मुली वहीत लिहीत होत्या. मी वही मिटून ठेवली.