मुलीच्या मामाचा मान

शिरूर अनंतपाळच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली गेली कित्येक वर्षे मी अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु तालुक्यातील पदवीधर मंडळीही आपला मजकूर माझ्या नजरेखालून घालून नेतात, हे येथे नम्रपणे नमूद करतो. कोणत्या वाक्याने अधिकाऱ्याचे मन वळते आणि कोणत्या वाक्याने त्याच्या कपाळाला आठी पडते, याचे ज्ञान मला अनुभवाने प्राप्त झाले आहे. म्हणून बालसंरक्षणाच्या एकदिवसीय प्रशिक्षणासाठी अर्जनवीसांनीही लातूरला हजर राहावे असे पत्र आले, तेव्हा मला मार्गदर्शनासाठी बोलावले असावे, असा माझा समज झाला होता.

सभागृहात पाऊल ठेवताच तो समज दूर झाला. माझी खुर्ची खासगी वसतिगृहांचे चालक, मेस चालवणाऱ्या बाया, क्लासचे शिपाई आणि मुलांची ने-आण करणारे रिक्षावाले यांच्यामध्ये होती. खेड्यापाड्यांतून डॉक्टर व्हायला आलेल्या मुलामुलींवर लातूर शहराचा मोठा भाग पोसला जातो. त्या मुलांभोवती वावरणाऱ्या सर्वांना त्या दिवशी एकत्र बसवले होते. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. अर्जनवीस कशाला हवेत, असे मी उभा राहून विचारले. त्या म्हणाल्या, "काका, घरात असं काही झालं की माणसं पोलिसांकडे जायच्या आधी तुमच्या शेडखाली येतात. म्हणून." हे उत्तर मला पटले व मी खाली बसलो.

दुपारी त्यांनी एक प्रसंग करून दाखवायला सांगितला. मोठ्या मिशांचा एक रिक्षावाला मुलगी झाला आणि मला तिचा मामा व्हायला लावले. रिक्षावाल्याने मान खाली घातली, रुमालाचा पदर केला आणि बारीक आवाजात म्हटले, "मामा, एक सांगायचं होतं."

मी चष्मा सावरला. "सांग. थोडक्यात सांग आणि तारीख, वार, ठिकाण यांसह सांग."

सभागृह हसले. मॅडम हसल्या नाहीत. "काका, ती अर्ज द्यायला आलेली नाही."

"मॅडम, तारखेशिवाय तक्रारीला अर्थ नसतो."

"ते विचारणारी माणसं वेगळी आहेत, ती त्यांचं काम करतील. तुमचं काम ऐकायचं. तिची चूक नाही, हे तिला सांगायचं. कुणाला सांगणार नाही, असं वचन द्यायचं नाही, कारण कायद्यानं तुम्हाला सांगावंच लागतं. आणि पुढं काय करणार ते तिला आधी सांगायचं."

रिक्षावाला रुमाल झटकत म्हणाला, "मालक, मी तर भिऊनच गेलो. खरी पोरगी असती तर पळाली असती." माझ्या वयाचा व व्यवसायाचा मान त्याला राखता आला असता, असे मला तेव्हा वाटले.

शेवटी मॅडमनी सर्वांना एक प्रश्न विचारला. असे काही घडल्याचे घरी कळले की मुलीची पहिली कोणती गोष्ट बंद होते?

अख्ख्या सभागृहाने पाढा म्हणावा तसे उत्तर दिले, "शाळा." माझाही आवाज त्यात होता.

"मग ती का सांगत नाही, ते आता सांगा," मॅडम म्हणाल्या.

पुढे सोयाबीनच्या काढणीचे दिवस आले. माझी धाकटी बहीण नांदेडला दिलेली आहे. दाजींचे तेथे खत-बियाण्याचे दुकान आहे. त्यांची एकुलती मुलगी, म्हणजे माझी भाची, लातूरला वसतिगृहात राहून वैद्यकीय प्रवेशाचा अभ्यास करीत होती. एका सकाळी, सुट्टीचा वार नसताना, ती एकटी एसटीने आली आणि शेडसमोर उभी राहिली. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. पक्षकार बाजूला बसवून मी उठलो व रीतीप्रमाणे वाकलो. तिने दोन्ही पाय मागे घेतले. लहानपणी हीच पोर पाय पुढे करून "पडा मामा, लवकर पडा" म्हणायची.

मी तिला घरी नेले. पत्नी आत चहा टाकत होती. भाचीने मान खाली घातली आणि म्हणाली, "मामा, एक सांगायचं होतं."

शब्द तेच, रिक्षावाल्याने उच्चारलेले. तारीख, वार, ठिकाण, साक्षीदार, हे सारे माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले. मी ते गिळले आणि फक्त "सांग" म्हणालो. ती बराच वेळ गप्प बसली; मीही बसलो. माझ्यासारख्या बोलत्या माणसाला ते किती जड गेले, हे माझे मलाच ठाऊक.

तिने जे सांगितले ते मी येथे लिहिणार नाही. ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे. एवढेच लिहितो की, क्लासमध्ये शंका सोडवण्यासाठी मुलींना एकेकटीला थांबवून घेणारा एक शिक्षक होता आणि त्याच्या हातांना शिक्षकाची मर्यादा नव्हती.

"यात तुझा काडीमात्र दोष नाही," मी म्हणालो.

"बाबांना सांगू नका, मामा. क्लास बंद करतील."

तिला होकार द्यावा असे फार वाटले. भाचीचा शब्द मामाने खाली पडू देऊ नये, हीच आमची रीत. पण मला शिकवलेले वाक्य दुसरे होते. "कुणालाच सांगणार नाही, असं मला म्हणता येणार नाही. सांगावं लागेल. पण जे करीन ते तुला आधी सांगून करीन."

तिने एकदाच माझ्याकडे पाहिले. "मग कशाला आले मी इथं?" असे म्हणून ती स्वयंपाकघरात मामीजवळ जाऊन बसली. चहा तसाच गार झाला.

मी मॅडमना फोन केला, आणि फोन करण्यापूर्वी भाचीला तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातील महिला पोलीस अधिकारी घरी आल्या. भाचीने मामीचा हात धरून त्यांना एकदाच सर्व सांगितले. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. मी लिहिला नाही किंवा लिहून तपासला नाही, असा माझ्या दारातील तो एकमेव जबाब आहे. पुढे त्या शिक्षकाला अटक झाली. खटला चालू आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

दाजींनाही कळवावे लागले. ते टेम्पो घेऊन लातूरला आले. वसतिगृहातली गादी, पेटी, पुस्तकांचे गठ्ठे त्यांनी स्वतःच्या पाठीवरून खाली आणले. भाचीला एक शब्द लावून बोलले नाहीत. वाटेत रसवंतीवर थांबून तिला रस पाजला. दाजी वाईट माणूस नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. ते मला एवढेच म्हणाले, "पोर मला जड न्हाई, पाव्हणं. पण आता ती नजरेसमोर पाहिजे. झालं तेवढं शिक्षण लई झालं."

संक्रांतीनंतर बहिणीचा फोन आला. स्थळ आले होते. मुलगा सरकारी नोकरीत, घरचे चांगले. चैत्रात भाचीला अठरा पूर्ण होणार आणि त्यानंतरचाच मुहूर्त धरायचा होता. कायद्याला बोट ठेवायला कोठेही जागा नव्हती. मजकुराच्या जोरावर मी आजवर अनेक अडलेली कामे मार्गी लावली आहेत, परंतु हा अर्ज कोणत्या कचेरीत करावा, हे मला सुचेना. मॅडमना विचारले. त्या म्हणाल्या, "आधी तिला विचारा."

मी भाचीला फोन लावला. "तुला लग्न करायचं आहे का?"

"मला कोण विचारून राहिलं, मामा?"

"मी विचारतो आहे."

"मला शिकायचंय."

मग माझ्या मनात होते ते मी तिला सांगितले. "नंतर तुम्हाला घरात घेणार न्हाईत."

"ते मी पाहून घेईन. तुझा होकार आहे का?"

"हाव," ती म्हणाली.

सुपारी फुटण्याच्या आदल्या दिवशी पत्नीसह मी नांदेडला गेलो. दुकानाच्या वरच घर आहे. दाजी आनंदात होते. निदान तसे दिसण्याचा त्यांनी निश्चय केला होता. दाजींची आई परातीत तांदूळ निवडत होती. भाची आतल्या दाराशी उभी होती.

"पाव्हणं, तुमच्यासाठी फेटा बी बघून ठेवलाय," दाजी म्हणाले. "गुलाबी. मामाच्या मानात कमी पडायचं न्हाई."

"तो फेटा परत करा, दाजी. मी मुलीला मांडवात आणणार नाही."

आमच्याकडच्या लग्नात, मंगलाष्टकांच्या आधी भटजी मोठ्याने पुकारतात की मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावे. मग सगळा मांडव मान वळवून पाहतो आणि मामा भाचीचा हात धरून तिला पाटावर आणून उभी करतो. बाप कितीही मोठा असो, ते काम त्याचे नाही.

बहिणीच्या हातातले ताट वाजले. "दादा, माझ्या लेकीचं लग्न मोडायला आलास?"

"लेकीला विचारलंस का?"

"लेकीला काय विचारायचं असतंय?" दाजी उभे राहिले. "अर्ज लिहून लिहून डोकं फिरलं का तुमचं? कुठं शिकून आले हे?"

"लातूरला. एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं."

"एका दिवसात मामाचा वकील झाला! बघ आई, वकील आलाय आपल्या घरी." कोणी हसले नाही, तेव्हा त्यांचा आवाज चढला. "तुम्ही न्हाई तर न्हाई. मुरुडला तिचा चुलत मामा हाय की. त्याला फेटा बांधतो."

तांदळातला खडा काढून बाजूला टाकत म्हातारी बोलली. तिने मान वर केली नाही. "सख्खा मामा जित्ता असताना चुलत उभा केलास, तर मांडवात पहिला सवाल कोणता होईल रे? मामा का न्हाई आला, हाच. मग काय सांगतूस?"

"आजारी हाय म्हणून सांगू."

"मी रोज कचेरीसमोर बसतो, दाजी," मी म्हणालो. "सगळा तालुका मला पाहतो. लग्नाच्या दिवशीही बसेन."

दाजी मटकन खाली बसले. लोकांनी विचारू नये, याच एका धाकाने ते मुलीला उजवायला निघाले होते. आणि ती उजवली तर लोक विचारणार होते. मला विजय झाल्यासारखे वाटले नाही. माझ्यासमोर एक बाप बसला होता आणि त्याला कोणत्याही बाजूने आपली मुलगी झाकता येत नव्हती.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तिला काही झालं तर, पाव्हणं?"

"झालं ते तिच्या शिकण्यामुळं झालं नाही. एका माणसामुळं झालं. तो आत आहे. तुम्ही मात्र बाहेरून कुलूप तिला लावून राहिलात."

भाची दारातून म्हणाली, "बाबा, मी सांगितलं म्हणूनच तो धरला." एवढेच. मग ती आत गेली. दाजींनी चेहरा दोन्ही हातांनी पुसला आणि जिना उतरून दुकानात गेले. जेवायला ते वर आले नाहीत.

मुलगी अजून शिकायची म्हणते, असा निरोप त्यांनी पाहुण्यांना धाडला. मला त्यांनी काही कळवले नाही. बहिणीकरवी अट तेवढी आली. शिकायचे तर नांदेडातच, घरी राहून. आणि क्लासात मामानेच घालावे, बाप त्या दारात पाय ठेवणार नाही. आजही मी गेलो की दाजी जिना उतरून गिऱ्हाइकात जाऊन बसतात. बहीण जेवायला वाढते, पण माझ्यासमोर बसत नाही. भाची म्हणाली होती तसेच झाले, आणि ते मी पाहून घेत आहे.

त्या वर्षीची परीक्षा हातची गेली होती. पुढच्या तुकडीसाठी मी तिला नांदेडच्या दुसऱ्या क्लासमध्ये घेऊन गेलो. धुतलेला शर्ट, खिशाला पेन, असा मी योग्य त्या वेशात होतो. खिडकीतल्या गृहस्थाने विचारले, "वडील का?"

"मामा."

"वडील का नाही आले?"

या प्रश्नाचे चांगले पानभर उत्तर मी वाटेत मनाशी तयार केले होते. ते सुरू करणार, एवढ्यात भाचीच म्हणाली, "मामांनी आणलंय मला."

तो प्रवेशाचे कागद पुढे सरकवू लागला. मी म्हणालो, "ते नंतर. शंका विचारायला मुली जिथं थांबतात ती खोली आधी दाखवा."

"खोली? ती कशाला, काका?"

"पाहायची आहे."

कागद हातात धरूनच तो जागेवर बसून राहिला. मीही हललो नाही. अखेर तो कंटाळून उठला आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला. खोली लहान होती. दाराला अर्ध्या उंचीपासून काच होती आणि समोरच्या व्हरांड्यात मुलांची ये-जा चालू होती. मी काहीतरी बोलणार होतो. पण ते पाहण्याचे काम माझे नव्हते, म्हणून बाजूला झालो. भाची उंबऱ्यावरच थांबली. तिने कडी आतून आहे का ते पाहिले, ती नव्हती; दार एकदा लावले, काचेतून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा उघडले.

"चालतंय, मामा," ती म्हणाली.