प्रतिध्वनीतली लिव्हिया

मागच्या शनिवारी दुपारी मिनियापोलिसच्या एका जुन्या चर्चमध्ये आमच्या मैथिलीचं गाणं होतं. लेक बरोक काळातलं जुनं युरोपियन संगीत गाते... म्हणजे नक्की काय, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. आईनं पुढच्या रांगेत बसायचं, एवढं कळतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मन गाण्यात नव्हतंच. माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, ईडन प्रेरीत आमच्या घराजवळ स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या मेमरी केअर सेंटरमध्ये असतात. तीन आठवडे त्यांनी कुणाच्याही हाकेला ओ दिली नव्हती. नर्सेस ‘सुहासिनी, सुहासिनी’ करून थकल्या... आमच्या ‘आई’ला आणि मैथिलीच्या ‘आजी’लाही उत्तर नाही.

सोमवारी सेंटरवर मीटिंग होती. असंच राहिलं तर हॉस्पिसचा, म्हणजे उपचार थांबवून शेवटचे दिवस नुसते सुखाचे करण्याचा, विचार करा, असं डॉक्टरांनी सुचवलं होतं. माझा नवरा श्रीकांत गाडीत एवढंच म्हणाला, "आई गेलीच आहे गं, आपण नुसतं बघत बसलोय."

कार्यक्रम एकाच बाईच्या रचनांचा होता. सतराव्या शतकातली इटलीतली एक नन, सिस्टर मारिया इनोचेन्सा. चौदाव्या वर्षी घरच्यांनी कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात, नेऊन घातलं आणि दार बंद झालं ते कायमचं. आत गेल्यावर पहिलं काम काय, तर नाव बदललं.

पुढे आयुष्यभर तिनं आतल्या बायकांसाठी गाणी रचली. पुरुषांना आत मज्जाव, त्यामुळे खर्जातले सूरसुद्धा बायकाच लावायच्या. शहरातले लोक जाळीच्या अलीकडे बसून ऐकायचे... आवाज यायचे, चेहरा एकीचाही दिसायचा नाही. मधूनच वरचे धर्मगुरू गाण्यावर बंदी घालायचे. ही तेवढ्यापुरती गप्प, बंदी उठली की पुन्हा सुरू! भलतीच चिवट बाई.

शेवटची रचना प्रतिध्वनीची होती. एक गायिका समोर उभी, मैथिली मागे पडद्याआड. समोरची गाते आणि ओळीचा शेवटचा तुकडा मागून हळूच उमटतो... जणू भिंतच उत्तर देतेय.

ती सुरू होण्याआधी त्यांच्या डिरेक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली. हस्तलिखितात त्या मागच्या आवाजापुढे गाणारीचं नाव लिहिलंय, लिव्हिया. कॉन्व्हेंटच्या नोंदीत लिव्हिया नावाची ननच नाही. ते या सिस्टर मारियाचंच नाव होतं... घरचं, चौदाव्या वर्षापर्यंतचं.

गाणं सुरू झालं. पोटची पोर गात होती आणि मला वाटत होतं, चारशे वर्षांपूर्वीची ती मुलगी पडद्याआडून ओ देतेय. मी चक्क रडले. आणि रडता रडता एकदम आठवलं... सासूबाईंच्या ग्रीन कार्डाच्या वेळी मीच एक अ‍ॅफिडेव्हिट टाइप केलं होतं. माहेरची यमुना आणि सासरची सुहासिनी या एकच व्यक्ती आहेत, असं. सही करून पाठवलं आणि विसरूनही गेले.

तिथूनच तिघं सेंटरवर गेलो. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, नजर कुठेच नव्हती. मी दोघांना सांगितलं, त्यांना माहेरच्या नावानं हाक मारून बघू या.

पण मारणार कोण? श्रीकांत सख्ख्या आईला नावानं कसा बोलावणार... आणि मी तर सून! जीभच रेटेना. मैथिलीनं "यमुना" म्हणून पाहिलं, पण तिच्या उच्चारात ती अमेरिकेतलीच एखादी नदी वाटली. "आई, यू डू इट. तिची आई म्हणेल तसं म्हण ना."

मी खाली बसले. त्यांचा हात धरला आणि मनातल्या मनात माफी मागून हाक मारली... "यमू... ए यमे!"

मान वळली. डोळे कुणाला तरी शोधायला लागले, आमच्यापैकी कुणाला नव्हे. आणि बारीक, पण अगदी स्वच्छ आवाज आला, "ओ... आले गं आई."

श्रीकांत पलंगावर बसला. बासष्ट वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडत होता, आणि मध्येच विचारत होता, "हे नाव मी कधी ऐकलंच कसं नाही?"

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर याच बाई म्हणाल्या होत्या, "तिचं आहे तेच राहू दे." म्हणून मी आजही विद्याच आहे. तेव्हा मला वाटलं, काय मॉडर्न सासू मिळाली! त्यांना असं का वाटलं असेल, हे विचारायचं चाळीस वर्षांत एकदाही सुचलं नाही. याची आता लाज वाटते.

सोमवारची मीटिंग झाली. हॉस्पिसचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय, पुढचं कुणाच्याच हातात नाही. नर्सेस ‘यमू’ म्हणायला शिकतायत.

रोज ओ येतेच असं नाही... पण त्यांना हाक कशी मारायची, हे निदान आता आम्हाला कळलंय.