घोट गिळायचा नाही!

आमच्या कॉफी सोसायटीचं गोदाम उन्हाळ्यात रिकामं होतं. किस्से मात्र तिथेच पडून राहतात आणि दर हंगामात त्यांत भर पडते. चिखलदऱ्याच्या डोंगरावर पिकलेली कॉफी आमच्या अमरावतीच्या ऑफिसात येते. तिची चव पाहून माल एक्स्पोर्टला पास की नापास हे ठरवायचं काम माझं. आणि मी अकोल्याचा, जन्माचा चहाबाज! बाकीचे सभासदही तसलेच. आमच्या वार्षिक सभेत कॉफीचे सगळे ठराव चहा पीत मंजूर होतात.

*

चव पाहायची एक रीत आहे. चमचाभर कॉफी सुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची आणि डब्यात थुंकायची. घोट गिळायचा नाही. दिवसभर चाखायचं असतं, सगळं पोटात गेलं तर झोप उडते.

गेल्या वर्षी कौसल्याकाकू आपल्या बागेच्या कॉफीचा निकाल ऐकायला एसटीने खास आल्या. मी त्यांच्यासमोर चमचा ओढला आणि थुंकलो. काकूंचा चेहराच पडला.

"थुकाचंच होतं तं तोंडात काहून घेतलं, बापू?"

मी रीत समजावली, त्यांना काही ती पटली नाही. त्यात कॉफीला चुलीच्या धुराचा वास लागलेला. तेवढा माल नापास झाला आणि इथल्याच बाजारात गेला. मला फार वाईट वाटलं, पण वास होता तो होता. तेव्हापासून काकू मला चारचौघांत 'थुक्या' म्हणतात.

*

सेंद्रिय सर्टिफिकेट हवं तर बागेत औषधाचा थेंब चालत नाही. आमचे अध्यक्ष देविदासभाऊ यांचे जावई अकोटचे, कपाशीवाले. एकदा फवारणी आटोपून, पंप मोटारसायकलला बांधून ते थेट सासुरवाडीला आले. भाऊंनी बागेच्या फाटकातच गाडी अडवली.

"पंप अन् जावाई, दोघायपैकी एकच अंदर येईन. कोन ते तुमी ठरवा."

जावयांनी पंप नाक्यावरच्या पानठेल्यावर ठेवला, शेजारच्या हॉटेलच्या नळावर आंघोळ केली आणि सासऱ्यांचा पायजमा घालून जेवायला बसले. आता ते निघण्याआधी फोन करतात.

*

मग सर्टिफिकेटवाले साहेब काकूंच्या बागेत तपासणीला आले. खत कोणतं? शेणखत. शेण कुणाचं? घरच्या गाईचं. गाय काय खाते? जंगलातला चारा. जंगलात नेमकी कुठे?

काकूंनी उत्तर न देता गाईची दोरी सोडली आणि म्हणाल्या, "मले काय इचारता? तिच्या मांगं जा अन् पाहून या."

साहेब खरंच गेले! दुपारी परतले तेव्हा पँट काट्यांनी फाटलेली आणि बुटांत चिखल. पण माणूस कामाचा सच्चा. शेरा देऊन गेला, 'गाय समाधानकारक'.

*

या हिवाळ्यात मी काकूंना सांगायला गेलो की कॉफी चुलीपासून लांब, जमिनीच्या वर वाळवा. अंगणात पाहतो तर घरातल्या सगळ्या बाजा बाहेर, त्यांवर जाळी आणि जाळीवर कॉफी पसरलेली. संध्याकाळी दव पडू नये म्हणून वर घरातल्या गोधड्या. काका ओट्यावर सतरंजी अंथरत होते.

"कॉफी बाजेवर अन् मी खाली," ते म्हणाले. "माह्या लग्नातबी माही एवढी सरबराई नोती झाली."

*

आणि परवा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा चाखणारा आमच्याकडे आला. त्याने पास केलेलाच माल बाहेर जाणार होता. काकूंनाही यंदा तेच हवं होतं. येऊ नका म्हणून सांगूनही त्या आल्या आणि पदर घट्ट धरून दाराशी उभ्या राहिल्या.

माणूस अबोल. ओढायचा, घोळवायचा, थुंकायचा. देविदासभाऊंची कॉफी थुंकली, बाकीच्यांचीही थुंकली. दर वेळी काकू तोंड फिरवत होत्या. मग त्यांचा कप आला.

त्याने चमचा ओढला, घोळवला, हातातला डबा तोंडाशी नेला आणि थांबला. मग डबा खाली ठेवून घोट गिळला. कप उचलून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत तळापर्यंत प्यायला.

काकूंनी पदर सोडला आणि माझ्याकडे वळल्या.

"पाह्य, थुक्या. असं पेत असतेत."