बेल उचललेलं गाव

आमच्या कॉम्रेडला ‘का?’ विचारायची खोडच होती. मालकांच्या गढीसमोरून जाताना चप्पल हातात घ्यायची, असं कुणी म्हटलं की हा विचारायचा, “का?” आजा घ्यायचा म्हणून, असं उत्तर आलं की पुन्हा, आजा तरी का घ्यायचा? झरीच्या पुढच्या आमच्या गावात माणसं त्याला लांबून बघून वाट बदलायची.

तो पूर्णेला रेल्वेत खलाशी होता. संपात नोकरी गेली आणि तो आईपाशी परत आला. युनियनच्या वर्गात ऐकलेलं आम्हाला पारावर सांगायचा. “पोलीस गावात कवातरी येतो. मग रोज मालकाचा हुकूम कोण चालवायलंय? आपणच. आपल्या डोक्यात बसलाय त्यो.” आम्ही हसून त्याच्याकडे बिडी मागायचो.

दुष्काळात मालकांनी गायरान नांगरून घेतलं. मजुरांच्या शेरडांना चरायला जागा राहिली नाही. ते सोडवायचं म्हणून कॉम्रेड ग्रामपंचायतीला उभा राहिला, घरोघर फिरला. सगळ्यांना पटलं, अगदी मनापासून पटलं. मालकांनी कुणाला दम दिला नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना महादेवाच्या देवळात बोलावून गूळ वाटला आणि मताचा शब्द घेऊन एकेकाला पिंडीवरचा बेल उचलायला लावला. बेल उचलून दिलेला शब्द मोडला तर घरातलं माणूस जातं, हे आम्ही पाळण्यापासून ऐकत आलेलो. “पानाला कोण भेतंय आता?” म्हणत कॉम्रेडनं ते हसण्यावारी नेलं. तिथंच तो चुकला.

सपाटून पडला. संध्याकाळी मी त्याच्याकडे बसलो होतो. भाकरी वाढता वाढता आईनं सांगून टाकलं, “मी बी मालकालाच दिलं, बाबा. बेल उचलला व्हता. मोडला असता अन् तुला काई झालं असतं मंजे?” त्यानं वाढलेली भाकरी संपवली. त्यानंतर त्यानं कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. वाईट वाटायचं. त्याच्या त्या ‘का?’ची सवय झाली होती.

पुढच्याच पावसाळ्यात तो काविळीनं गेला. गावात वाळकं लाकूड मिळेना. मालकांनी गढीतून गाडीभर पाठवलं, स्वतःही दाराशी आले. मालकांचं मन लय मोठं, असं लोक बोलू लागले आणि माझ्या अंगाची आग झाली. तेवढ्यात म्हातारी प्रेतापासून उठली आणि हात जोडून मालकांसमोर आली. पाया पडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

“मालक, मी बेल मोडला न्हाई,” ती म्हणाली. “मग माजं लेकरू का गेलं?”

मालक लाकडांकडे बघत राहिले. म्हातारी हात जोडून तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत.